फ्रॅकिंगला विरोध करणाऱ्या किनारी गावासाठी टीडीएस मीटर : एक परीक्षण

ज्या किनारी गावात नळाचे पाणी पोहोचलेले नाही आणि पिण्यापासून गुराढोरांपर्यंत सगळा भार स्वतःच्या विहिरीवर किंवा बोअरवेलवर आहे, तिथे फ्रॅकिंगचा प्रस्ताव आला की लोकांच्या मनात पहिला प्रश्न पाण्याचा उभा राहतो. जमिनीखाली बहुधा किलोमीटर-दोन किलोमीटर किंवा त्याहूनही खोल असलेल्या शेल खडकात पाणी, वाळू आणि रसायने प्रचंड दाबाने घुसवायची, खडक तडकवायचा आणि त्यात अडकलेला वायू वर काढायचा, असे हे तंत्र आहे, आणि त्यासाठीची विंधन विहीर गावाच्या गोड्या पाण्याचे थर भेदूनच खाली जाते. विरोधासाठी एकत्र आलेली मंडळी सभा घेतात, हरकती लिहितात आणि बरेचदा एक वस्तू विकत घेतात, ती म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण (टीडीएस) दाखवणारा, पेनाच्या आकाराचा, खिशात मावणारा टीडीएस मीटर. अशा गावाच्या हातात हा मीटर कितपत उपयोगी पडतो, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे. माझे मत आधीच सांगते. मीटर जरूर घ्यावा आणि लवकर घ्यावा, पण केवळ त्याच्या आकड्यावर गावाची बाजू उभी करू नये, कारण समुद्राजवळ तोच आकडा कंपनीलाही तितक्याच सहजतेने वापरता येतो.

मीटरची रचना साधी आहे. खालचे टोपण काढले की दोन बारीक धातूचे अग्र दिसतात. ते पाण्यात बुडवले की त्यांच्यामधून सूक्ष्म विद्युतप्रवाह जातो. पाण्यात विरघळलेले क्षार जितके जास्त, तितका हा प्रवाह सहज वाहतो. मीटर खरे तर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिला एका ठरावीक गुणकाने गुणून क्षारांचा अंदाज पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग या मापात दाखवतो. हा गुणक सगळ्या मीटरांत सारखा नसतो. काहींत तो ०.५ असतो, तर काहींत ०.७ च्या आसपास. त्यामुळे १,००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर वाहकतेचे पाणी एका मीटरवर ५०० पीपीएम दिसते आणि दुसऱ्यावर ७००, आणि दोन्ही मीटर अगदी ठीक असतात. समितीतल्या दोघांनी दोन वेगळ्या बनावटीचे मीटर वापरले आणि त्यांच्या नोंदी एकाच तक्त्यात मांडल्या, तर तो तक्ता पहिल्याच जनसुनावणीत कोसळेल. म्हणून वाहकता थेट दाखवणारा मीटर घ्यावा आणि नोंदवहीत वाहकताच लिहावी.

पडद्याची एक उणीव मला सर्वांत जास्त खटकते. अनेक स्वस्त मीटरांवर तीनच अंक मावतात आणि आकडा ९९९ च्या पुढे गेला की मीटर तो दहाने भागून दाखवतो आणि कोपऱ्यात गुणिले दहाची एक बारीक खूण उमटवतो. भर उन्हात विहिरीच्या काठावर उभे राहून वाचणाऱ्याला ती खूण हमखास दिसत नाही. मग १,४३० पीपीएमचे मचूळ पाणी वहीत १४३ म्हणून नोंदले जाते, म्हणजे प्रत्यक्षात खारट असलेले पाणी कागदावर गोड होते. ज्या गावात खारेपणा वाढतो आहे की नाही हाच वादाचा मुद्दा आहे, तिथे ही चूक फार महागात पडेल. प्रत्येक वाचनाबरोबर पडद्याचे छायाचित्र काढून ठेवणे हा यावरचा सोपा उपाय आहे, कारण नंतर शंका आली तर ती खूण छायाचित्रात तपासता येते.

बाकीच्या बाबतीत साधन विश्वासू आहे, मात्र त्याची निगा राखावी लागते. पाण्याचे तापमान एका अंशाने वाढले की वाहकता साधारण २ टक्क्यांनी वाढते. मीटर हा फरक आपोआप भरून काढतो, पण विहिरीतून नुकत्याच काढलेल्या थंड पाण्यात त्याला काही वेळ द्यावा लागतो आणि आकडा स्थिरावण्याआधी वाचण्याची घाई करू नये. खारे पाणी मोजून मीटर तसाच ठेवला तर अग्रांवर पांढरट थर सुकतो आणि पुढची वाचने बिघडतात, म्हणून प्रत्येक वेळी ऊर्ध्वपातित पाण्याने अग्रे धुवावीत. १,४१३ मायक्रोसीमेन्सचे प्रमाणित द्रावण मिळते. त्यात मीटर अधूनमधून तपासावा आणि त्या तपासणीची तारीखही वहीत लिहावी. ज्या नोंदींबरोबर अशी तपासणी दाखवता येत नाही, त्या नोंदी कोणताही सावध अधिकारी बाजूला ठेवेल आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही.

मीटरचा खरा गुण त्याच्या सातत्यात आहे. प्रयोगशाळेत दिलेला नमुना एका दिवसाचे पाणी सांगतो. मीटर मात्र आठवड्यामागून आठवडे, भरतीला आणि ओहोटीला, पावसाआधी आणि पावसानंतर, गावातल्या प्रत्येक विहिरीची चाल दाखवू शकतो, आणि त्यासाठी कोणाला रसायनशास्त्र शिकावे लागत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील डिकिन्सन कॉलेजच्या ‘अलार्म’ या उपक्रमाने शेल वायूच्या परिसरातल्या स्वयंसेवकांना हीच पद्धत शिकवली. त्यांनी ओढ्यांची वाहकता वरचेवर मोजायची आणि फ्रॅकिंगच्या सांडपाण्याची खूण म्हणून बेरियम व स्ट्रॉन्शियम यांची तपासणी करायची, अशी ती पद्धत होती. तिथे ती चालते याचे कारण तिथल्या भूगोलात आहे. त्या डोंगरी ओढ्यांत क्षार कमी असतात आणि तिथल्या मार्सेलस शेलमधून वायूबरोबर वर येणाऱ्या पाण्यात क्षारांचे प्रमाण लिटरमागे दोन लाख मिलिग्रॅमच्याही वर जाऊ शकते. समुद्राच्या पाण्यात ते साधारण ३५,००० मिलिग्रॅम असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पाण्याची तीव्रता कळते. असे पाणी थोडेसे जरी गोड्या ओढ्यात मिसळले तरी वाहकतेचा आकडा लगेच उसळी घेतो.

किनाऱ्यावर परिस्थिती वेगळी असते. इथल्या विहिरी मुळातच थोड्याफार मचूळ असू शकतात, भरती-ओहोटीबरोबर त्यांचा आकडा हलतो, उपसा वाढला की चढतो आणि चांगला पाऊस झाला की उतरतो. या हलत्या पार्श्वभूमीवर फ्रॅकिंगमुळे आलेला खारेपणा वेगळा ओळखणे मीटरच्या आवाक्यात नाही. पाण्यात क्षार किती आहेत हे तो सांगतो. ते समुद्रातून आले की खालच्या खडकातून, हे सांगू शकत नाही. किनारी गावासाठी मीटर घेताना ही मर्यादा सर्वांनी मिळून समजून घेतली पाहिजे, नाहीतर एक दिवस आकडा वाढलेला पाहून गाव पुरावा सापडला म्हणून उठेल आणि कंपनीचा भूवैज्ञानिक समुद्राकडे बोट दाखवून बसून राहील.

त्यातही एक मुद्दा असा आहे, जो विरोधाच्या भाषणांत फारसा येत नाही आणि यायला हवा. किनाऱ्याखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. घायबेन आणि हर्झबर्ग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोड्या पाण्याची पातळी असेल, तर सपाटीच्या खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. याची उलट बाजू भयंकर आहे. उपशामुळे वरची पातळी १ मीटरने घटली आणि तशीच राहिली, तर खालची खाऱ्या पाण्याची सीमा कालांतराने ४० मीटरपर्यंत वर सरकू शकते. आता फ्रॅकिंगला लागणारे पाणी पाहावे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०११ ते २०१३ च्या सुरुवातीपर्यंतच्या नोंदींत एका विंधन विहिरीमागे पाण्याचा मध्यक वापर (निम्म्या विहिरींत याहून कमी, निम्म्यांत जास्त) १५ लाख गॅलन, म्हणजे जवळपास ५७ लाख लिटर होता, आणि एका प्रकल्पात अशा अनेक विहिरी असतात. हे पाणी गावाच्याच भूजलातून उपसले गेले, तर रसायनाचा एक थेंबही न गळता विहिरी खारट होऊ शकतात. त्या वेळी ‘हे समुद्राचे पाणी आहे’ हे कंपनीचे म्हणणे रसायनशास्त्राच्या दृष्टीने खरे असेल आणि तरीही नुकसान फ्रॅकिंगनेच केलेले असेल. त्याच अहवालात पिण्याच्या पाण्यावर परिणाम होऊ शकेल अशा परिस्थिती दिल्या आहेत, आणि पाण्याची टंचाई असलेल्या काळात किंवा भागात, विशेषतः भूजल मर्यादित किंवा घटते असलेल्या ठिकाणी होणारा उपसा त्यांत आहे. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की मीटरच्या आकड्याशेजारी विहिरीतल्या पाण्याची खोलीही मोजून लिहावी, आणि कंपनी पाणी कोठून, किती व कोणत्या महिन्यांत घेणार आहे याचे उत्तर परवान्याच्या टप्प्यावरच लेखी मागावे. वाहकता आणि पातळी यांच्या नोंदी शेजारी शेजारी असतील, तर समुद्राकडे बोट दाखवणाऱ्याला उपशाचा हिशेब विचारता येतो.

क्षार कोठून आले हे प्रयोगशाळा बऱ्याच अंशी सांगू शकते. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड आणि ब्रोमाइड यांचे वजनी प्रमाण जवळपास २९० ला १ असे ठरलेले असते. खोल खडकातल्या पुष्कळशा खाऱ्या पाण्यांत ते वेगळे असते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २,७०० मिलिग्रॅम सल्फेट असते आणि बेरियम नगण्य असते, तर मार्सेलससारख्या शेलमधून येणाऱ्या पाण्यात बेरियम भरपूर आणि सल्फेट फारच थोडे असू शकते. इथे एक बारकावा आहे. बेरियम आणि सल्फेट एकत्र आले की त्यांचा अविद्राव्य साका बनून तळाशी बसतो. त्यामुळे ज्या विहिरीत आधीच समुद्राचे पाणी शिरलेले आहे, तिथे बेरियम सापडले नाही एवढ्यावरून कंपनी निर्दोष ठरत नाही. स्ट्रॉन्शियम आणि त्याच्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, प्रमाणही पाहावे लागते.

आता मीटरची सर्वांत गंभीर मर्यादा. फ्रॅकिंगच्या परिसरातल्या विहिरींबाबत ज्या वायूची सर्वाधिक चर्चा झाली तो मिथेन या मीटरला अजिबात दिसत नाही. मिथेन पाण्यात विरघळला तरी त्याचे विद्युतभारित कण होत नाहीत, त्यामुळे वाहकता तसूभरही बदलत नाही. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कमधील विहिरींचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. वायूचे उत्पादन चालू असलेल्या भागांतल्या विहिरींत मिथेन सरासरी लिटरमागे १९.२ मिलिग्रॅम होता आणि उत्पादन नसलेल्या शेजारच्या भागांत १.१ मिलिग्रॅम; मात्र खोल खडकातले खारे पाणी किंवा फ्रॅकिंगचा द्रव विहिरींत मिसळल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. याचा अर्थ असा की त्या विहिरींत टीडीएस मीटर बुडवून बसलेल्या माणसाला सारे काही आलबेल दिसले असते. खराब सिमेंट किंवा सदोष केसिंगमधून (विंधन विहिरीत बसवलेल्या पोलादी नळीतून) वायू वर सरकणे, हा अशा घटनांमागचा एक महत्त्वाचा मार्ग मानला जातो आणि तो क्षारांशिवायही घडू शकतो. बेंझिनसारख्या घातक सेंद्रिय रसायनांचेही असेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची बेंझिनची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, आणि त्याच्या कितीतरी पट बेंझिन पाण्यात असले तरी मीटर जागचा हलणार नाही. त्यामुळे आकडा कमी आला म्हणून पाणी सुरक्षित आहे असे कोणी घरात सांगत असेल, तर त्याला तिथेच थांबवावे.

मग मीटर कशासाठी? पूर्वस्थितीच्या नोंदीसाठी, आणि ती नोंद विंधन सुरू होण्याआधीच व्हायला हवी. पेनसिल्व्हेनियाच्या २०१२ च्या तेराव्या कायद्यानुसार शेलच्या विंधन विहिरीपासून २,५०० फुटांच्या आत आणि काम पूर्ण झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत पाणी दूषित झाले, तर जबाबदार कंपनीच आहे असे गृहीत धरले जाते. पण दूषितपणा आधीपासूनच होता असे कंपनीने विंधनापूर्वीच्या तपासणीतून दाखवले, किंवा तपासणीसाठी येऊ द्यायलाच जमीनमालकाने नकार दिला होता असे सिद्ध केले, तर ते गृहीतक गळून पडते. हा दुसरा अपवाद विरोध करणाऱ्यांनी नीट वाचावा. कंपनीच्या माणसाला अंगणात पाऊल ठेवू द्यायचे नाही, ही भावना मी समजू शकते आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण जिथे असा कायदा आहे तिथे ती भावना घरमालकाच्याच मुळावर येते. त्यापेक्षा त्याला येऊ द्यावे, त्याच वेळी त्याच पाण्याचा दुसरा नमुना आपल्यासाठी भरून घ्यावा आणि तो स्वतंत्र, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा. इंग्लंडमध्ये २०१५ च्या पायाभूत सुविधा कायद्याने फ्रॅकिंगपूर्वी १२ महिने भूजलातील मिथेनची नोंद ठेवणे बंधनकारक केले. असा नियम नसेल तिथे ही मागणी गावाने स्वतःहून करावी.

इंग्लंडच्या लँकाशर परगण्यात, फाइल्डच्या किनारी भागात प्रेस्टन न्यू रोड इथे जे घडले त्यातूनही या साधनाविषयी काही शिकता येते. तिथल्या परगणा परिषदेने जून २०१५ मध्ये परवानगी नाकारली. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने तो निर्णय फिरवला. लोक रस्त्याच्या कडेला ठाण मांडून राहिले. आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये खडक तडकवण्याचे काम सुरू झाले. तिथला वाद पाण्याबरोबरच भूकंपांचाही होता. फ्रॅकिंगमुळे ०.५ किंवा त्याहून जास्त तीव्रतेचा हादरा बसला तर काम थांबवायचे, ही मर्यादा आधीच ठरलेली होती आणि ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण हादऱ्यांच्या नोंदी जाहीर करत होते. २६ ऑगस्ट २०१९ रोजी २.९ तीव्रतेचा हादरा बसला आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने इंग्लंडमधील फ्रॅकिंग स्थगित केले. लोकांचा निर्धार नसता तर हा प्रश्न इतकी वर्षे धगधगत राहिलाच नसता, हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणते. पण त्या हादऱ्याच्या आकड्याला वजन आले ते मर्यादा आधी लिहिलेली असल्यामुळे आणि मोजणारा त्रयस्थ असल्यामुळे. विहिरींच्या पाण्यासाठी अशी मर्यादा मागणे हा मीटरचा सर्वांत चांगला उपयोग आहे असे मला वाटते. अमुक विहिरीची वाहकता तिच्या ऋतुमानानुसारच्या नेहमीच्या पल्ल्याबाहेर गेली, तर ठरावीक दिवसांत स्वतंत्र प्रयोगशाळेने नमुना घ्यावा आणि अहवाल येईपर्यंत उपसा व विंधन थांबावे, अशी अट परवान्यात घालून घ्यायची असेल, तर नेहमीचा पल्ला काय आहे हे गावाला आकड्यांत सांगता आले पाहिजे, आणि ते आकडे मीटर देतो.

नोंद कशी ठेवावी याबद्दल थोडेसे. पंप काही वेळ चालू ठेवून साचलेले पाणी जाऊ द्यावे आणि नमुना टाकीच्या किंवा शुद्धीकरण यंत्राच्या आधी घ्यावा. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, आदल्या दिवसांतला पाऊस, पंप किती तास चालला, पाण्याचे तापमान, पाण्याची खोली आणि वाहकता हे सगळे एकाच ओळीत लिहावे आणि मोजणाऱ्याने सही करावी. पूर्वस्थितीसाठी प्रयोगशाळेकडून मिथेन व शक्य तर त्याचे समस्थानिक, बेंझिन आणि त्याच्या गटातली रसायने, क्लोराइड, ब्रोमाइड, सल्फेट, बेरियम व स्ट्रॉन्शियम यांची तपासणी करून घ्यावी. मिथेनचा नमुना घरच्या बाटलीत भरून देऊ नये; तो वाटेतच उडून जातो, म्हणून प्रयोगशाळेच्या बाटल्यांत आणि तिच्या माणसाकडूनच तो भरून घ्यावा.

खरेदी करताना वाहकता थेट दाखवणारा, चार अंकी पडद्याचा, तापमान दाखवणारा आणि प्रमाणित द्रावणात जुळवून घेता येणारा मीटर निवडावा. मचूळ विहिरींसाठी किमान १०,००० मायक्रोसीमेन्सपर्यंतचा पल्ला हवा. समुद्राचे पाणी ५०,००० च्या वर जाते, त्यामुळे खाडीचे किंवा सांडलेल्या खाऱ्या पाण्याचे मोजमाप करायचे असेल तर जास्त पल्ल्याचा वेगळा मीटर लागेल. नुसता तीन अंकी पीपीएम दाखवणारा मीटर या कामासाठी मी कोणालाही सुचवणार नाही. घरोघरी स्वस्त मीटर वाटण्यापेक्षा सगळ्या गावात मिळून एकाच बनावटीचे दोन चांगले मीटर घ्यावेत, एक रोजच्या वापरासाठी आणि दुसरा पडताळणीसाठी, आणि उरलेले पैसे प्रयोगशाळेच्या पहिल्या तपासणीसाठी ठेवावेत.